बाबांच्या मागे ओळ उचलणारं कुणीतरी हवं

ताई, तुम्ही विचारलं ते थोडक्यात असं. बाबा 77 वर्षांचे. आर्वीकडच्या खेड्यात सारी हयात शेती केली, गावच्या भजन मंडळात चाळीस वर्षं खंजिरी वाजवली. तीन वर्षांपासून विसरणं वाढत गेलं आणि डॉक्टरांनी अल्झायमरचं निदान केलं. आता ते तुम्हालाच विचारतात, ‘कोनाची व्हय वं तू?’ पण संध्याकाळी शेजारून प्रार्थनेचा आवाज आला की अख्खं पद म्हणतात, शब्द चुकत नाही. म्हणून तुम्ही मोबाइलमध्ये तीनशे भजनं भरून त्यांच्या उशाशी लावली, तर ते चिडले आणि मोबाइल फेकून दिला. बाकी सगळं पुसलं तरी गाणं कसं उरलं, गाण्यामुळे बाकीचं परत येईल का, आणि मोबाइलवर ते का चिडले, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी तिवसा तालुक्यात राहतो. चौतीस वर्षं पेटी, तबला, खंजिरी शिकवतो, भजन मंडळ चालवतो. गेली बारा-तेरा वर्षं आजूबाजूच्या गावांत अंथरुणाला खिळलेल्या, विसरायला लागलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे पेटी घेऊन जाऊन बसतो. मी डॉक्टर नाही, औषधपाण्याचं त्यांनाच विचारा. मी सांगतो ते त्या ओसऱ्यांवर बसून कळलेलं आहे, आणि जिथे त्याची सांगड शास्त्राशी लागते तिथे तेही सांगतो.

आधी मोबाइलचं, कारण ते आजच सुधारता येतं. वयासोबत कानातून आधी वरचे, बारीक आवाज जातात. झांजांची किणकिण जाते, ‘स’ आणि ‘श’ पुसट होतात. मृदंगाची थाप, पेटीचा खर्ज बराच काळ टिकतो. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून नेमका हा खालचा नादच निघत नाही. म्हणजे बाबांना जे ऐकू येतं ते मोबाइल देत नाही, आणि मोबाइल जे देतो ते त्यांना धड ऐकू येत नाही. मग आपण आवाज वाढवतो. म्हाताऱ्या कानाची गंमत नाही, व्यथा अशी की हळू आवाज पोचत नाही आणि थोडा वाढवला की एकदम कानठळ्या बसतात. त्यांचा कान एकदा तपासून घ्या, साचलेला मळ काढून घ्या. दोन घरी नुसतं एवढं केल्यावर चिडचिड निम्मी झालेली मी पाहिली आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. उशाशी आवाज येतोय आणि माणूस दिसत नाही. ज्याची समज आधीच डळमळीत आहे त्याला हा आवाज कुठून येतो ते कळत नाही, आणि तो घाबरतो. त्यात चार मिनिटांनी एक भजन संपतं, दुसरं वेगळ्याच पट्टीत, वेगळ्याच लयीत सुरू होतं. भजन मंडळात असं कधी होतं का? एक पद अर्धा तास चालतं. पहिली दहा मिनिटं नुसती बसायला जातात, मग लय चढते. बाबांनी चाळीस वर्षं जे केलं ते भजन ऐकणं नव्हतंच. ते भजन करत होते. ऐकणाऱ्याच्या जागी त्यांना कुणी बसवलेलंच नव्हतं.

इथेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. आठवण हा शब्द आपण एकच वापरतो, पण मेंदू तिला वेगवेगळ्या कणग्यांत साठवतो. काल कोण आलं, सकाळी काय खाल्लं, समोरच्या पोरीचं नाव काय, हे साठवायला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लागतो, आणि अल्झायमरचा घाव अगदी सुरुवातीला तिथे बसतो. हाताने, अंगाने, हजारदा करून मुरलेलं असतं ते दुसरीकडे राहतं. चाड्यावर मूठ धरणं, बैलाच्या मानेवर जू देणं, दोरी वळणं, खंजिरीवर बोटं पाडणं हे सगळं तिकडचं. 2015 साली जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी मेंदूच्या प्रतिमा घेऊन पाहिलं, तर फार जुन्या ओळखीचं संगीत जिथे जागं होतं तो भाग हालचालींची आखणी करणाऱ्या भागाला लागूनच निघाला, आणि अल्झायमरच्या रुग्णांत तो बाकीच्या मेंदूच्या मानाने कमी झिजलेला आढळला. ओसरीवर जे दिसतं त्याला हे धरून आहे.

आणि हिशेब करून पाहा. रोज संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, चाळीस वर्षं, म्हणजे साडेचौदा हजार संध्याकाळी. पेरणीत, आजारपणात, लग्नकार्यात निम्म्या चुकल्या धरल्या तरी सात हजार उरतात. मांडी घालून, खांद्याला खांदा लावून, त्याच वेळी, त्याच जागी. तुमचं नाव त्यांनी इतक्या वेळा हाक मारून घेतलं असेल का, मला शंका आहे. यात तुमच्यावरचं प्रेम कमी आहे असं मुळीच नाही. नाव एका कणगीत होतं आणि पद दुसऱ्या कणगीत, एवढंच.

त्यांचं वय पाहिलं तर आणखी एक धागा लागतो. माणसाला म्हातारपणी सगळ्यात जास्त आठवतात ती दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतची वर्षं. तुमच्या बाबांची ती वर्षं म्हणजे साधारण 1958 ते 1978. तुकडोजी महाराज 1968च्या ऑक्टोबरात गेले, तेव्हा बाबा विशीच्या उंबरठ्यावर होते. आर्वी ते महाराजांच्या आश्रमाची मोझरी अंतर कितीसं, मधे वर्धा नदी. त्यांनी महाराजांची खंजिरी समोर बसून ऐकली असण्याची बरीच शक्यता आहे. घरातल्या जुन्या माणसांना विचारून घ्या, कारण असं असेल तर त्यांच्या भजनाला एक चेहरा आहे, एक मैदान आहे, सोबत चालत गेलेले दोस्त आहेत. आमच्याकडचे एक काकाजी बोलणं पूर्ण सोडून बसले होते. महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीत दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी लाखो माणसं एका क्षणी स्तब्ध होतात, मौन श्रद्धांजली देतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्या दिवशी मी त्यांच्या घरी होतो. टीव्हीवरचा तो गजबजाट थांबला, आणि काकाजींनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की अंग फक्त सूर धरत नाही, दोन सुरांमधलं गप्प राहणंसुद्धा धरून ठेवतं.

आता माझ्या मायचं सांगतो, कारण या कामातली सगळ्यात मोठी चूक मी तिच्या बाबतीत केली. माय निंदणाला जायची. बायांची रांग पऱ्हाटीत खुरपं घेऊन पुढे सरकायची आणि गाणं त्या रांगेसोबत सरकायचं. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. घरी जात्यावर बसली की वेगळी गाणी. मी पेटी शिकून आलो, तेव्हा मोठ्या हौसेने तिला म्हटलं, माय, तू गा, मी साथ करतो. तिचा सूर पेटीच्या काळी तीन आणि तिच्या लगेच वरची पांढरी पाच या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी होता. पेटीत मधलं काही नसतं. मी काळी तीन धरली, तिला खाली ओढलं, ती अडखळली. मग पांढरी पाच धरली, आता ती जोर लावून गाऊ लागली. दोन ओळी झाल्या आणि म्हणाली, ‘जाऊ दे रे, मले नाई येत तुयासारखं.’ त्यानंतर माझ्यासमोर ती फार कमी गायली. तिला येत होतं. मलाच तिच्या सुराजवळ जाता येत नव्हतं.

ती थकल्यावर मी वहीत गाणी उतरवायला बसलो तर तिला आठवेनात. खुर्चीवर बसवून विचारलं की ‘काय होतं बाप्पा’ म्हणून थांबायची. एके दिवशी ती सुपात तूर पाखडत बसली होती, आणि सुपाच्या झटक्यासोबत आपोआप ओळ आली. मी काही न बोलता जवळ बसलो. त्या दुपारी अकरा ओव्या मिळाल्या. हात थांबला की ओवी थांबायची. म्हणून सांगतो, म्हाताऱ्या बाईला गाणं विचारू नका, तिच्या हातात सूप द्या, शेंगा सोलायला द्या, वाती वळायला द्या. बाबांच्या हातात काय द्यायचं हे तर तुम्हाला कळलंच असेल. त्यावर शेवटी येतो.

गाण्याने बाकीचं परत येईल का? ताई, येईल असं मी म्हणणार नाही. तुम्ही आशेने वाट पाहाल, पद संपल्यावर बाबा पुन्हा ‘कोनाची व्हय वं तू’ विचारतील आणि तुमचा जीव तुटेल. हा आजार गाण्याने मागे फिरत नाही. घालमेल कमी होते, माणूस शांत बसतो, जेवतो, कधी झोप बरी लागते. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे, आणि उदासी कमी व्हायला मदत होते असं अभ्यासांतूनही पुढे आलं आहे. दिवस बुडताना अशा माणसांची बेचैनी वाढते हे डॉक्टर सांगतातच. ‘घरी चाल, ढोरं सोडाची हायेत’ म्हणत ते उंबरठ्याकडे जातात. आपल्या पूर्वजांनी प्रार्थनेची वेळ नेमकी तीच ठेवली आहे. तेव्हा पाच-दहा मिनिटं आधीच त्यांच्याजवळ जाऊन बसा, बेचैनी चढू देऊ नका.

पण ओळख या गोष्टीबद्दल मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. पुढच्या वेळी ते गातील तेव्हा ऐकत उभ्या राहू नका. मागे बसा आणि त्यांची ओळ उचला. भजनात पुढचा एक ओळ टाकतो आणि मागचे ती उचलतात. उचलली गेली नाही तर पुढच्याला पुढे जाताच येत नाही. तुम्ही ओळ उचलली की पाहा, ते मान हलवतील, लय उतरली तर हाताने खूण करतील, ‘घे, घे’ म्हणतील. त्या अर्ध्या तासात त्यांना तुमची नीट ओळख असते. त्या ओळखीत तुमचं नाव नसतं. आपल्या मागे म्हणणारं, लय सांभाळणारं माणूस म्हणून ते तुम्हाला ओळखतात, आणि चाळीस वर्षं ज्यांच्यासोबत बसले त्या सगळ्यांना ते असंच ओळखत होते. मुलगी म्हणून ओळख गेली त्याचं दुःख मोठं आहे, ते मी लहान करत नाही. पण ही दुसरी ओळख दारात उभी आहे आणि तिला आत घ्यायला तुम्हाला सूर चांगला लागायची गरज नाही. ताल धरला तरी पुरतो.

मात्र पट्टीकडे लक्ष द्या. तरुणपणी काळी दोनमध्ये गाणारा गडी सत्तरीनंतर पांढरी एकवर येतो, कधी त्याच्याही खाली खर्जाकडे. बायकांचाही आवाज उतारवयात खाली येतो. पेटीवाला सवयीने जुनीच पट्टी धरतो, म्हातारा वरच्या सुराला पोचत नाही, खोकतो आणि गप्प होतो. घरचे म्हणतात, आता गाणंही गेलं. गाणं गेलेलं नसतं, पट्टी चुकलेली असते. त्यांना आधी म्हणू द्या, मग त्यांचा सूर शोधून पेटी धरा. सापडला नाही तर पेटी बंद ठेवा. मायने मला हे शिकवलं, फार उशिरा. लयही त्यांच्या श्वासाने चालू द्या. भजनी ठेका आठ मात्रांचा, तो संथ ठेवला तर तासभर पुरतो. शेवटी लय चढवून गजर करण्याचा मोह आवरा, त्याने कधी कधी ते उत्तेजित होतात आणि रात्रभर झोपत नाहीत.

कोणती गाणी, हेही बघून घ्या. भजनी माणूस म्हणजे फक्त भजन, असं धरू नका. बाबांच्या पोरवयात ग्रामपंचायतीचा रेडिओ होता, आकाशवाणीचं नागपूर केंद्र 1948 पासून चालू होतं, लग्नात भोंग्यावर तबकड्या वाजत, पोळ्याच्या तोरणाखाली झडत्यांची, म्हणजे चढाओढीने म्हणायच्या पदांची, जुगलबंदी चाले. एका पक्क्या भजनी बुवांचा चेहरा मी एका जुन्या सिनेमागीताने फुललेला पाहिला. त्यांच्या बायकोने नंतर हसत सांगितलं की लग्न ठरल्यावर सायकलवरून येताना ते हेच म्हणायचे. बायकांच्या बाबतीत तर माहेर आधी विचारा. वर्धेकडच्या एका घरात आजींसमोर सगळे भजन म्हणून थकले, त्या भिंतीकडे बघत राहायच्या. त्या मूळच्या ब्रह्मपुरीकडच्या, झाडीपट्टीच्या. दंडारीची, म्हणजे तिकडच्या लोकनाट्याची, चाल नुसती तोंडाने धरली आणि त्यांनी पदर खोचला. दुसऱ्या एका माउलीला भुलाबाईच्या गाण्यांतलं एकही शेवटपर्यंत येत नव्हतं. पण भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत दारोदार फिरून गाणं झालं की डबा हलवून खाऊ ओळखायचा असतो ना, तसा मी शेंगदाणे घातलेला डबा कानाशी हलवला. त्यांनी लगेच ‘शेंगदाणे!’ म्हटलं आणि त्यानंतर दोन गाणी पूर्ण आली.

जपायची एक गोष्ट आहे. काही सूर दुखतात. एका घरी मी सनईची धून लावली आणि आजी हुंदके देऊन रडायला लागल्या. नंतर कळलं, मुलीच्या लग्नाच्या मांडवातच त्यांच्या भावाच्या मृत्यूचा निरोप आला होता. त्यांना प्रसंग आठवत नव्हता, नाव आठवत नव्हतं, दुःख मात्र पुरतं आठवत होतं. तेव्हापासून नवीन सूर लावण्याआधी मी घरच्या मोठ्यांना विचारतो, आणि लावला की चेहरा पाहतो. कपाळ आखडलं, हात मुठी वळायला लागला की थांबतो. डोळ्यांत पाणी आलं म्हणून मात्र लगेच थांबत नाही. पाणी सुखाचंही असतं. श्वास सैल असेल तर चालू द्यावं.

तुम्ही शेवटी लिहिलं आहे की ते गातात तेव्हा तुम्हालाच रडू येतं आणि तुम्ही आत निघून जाता. जाऊ नका. माझे वडील गेल्यानंतर दोन वर्षं मला कार्तिकातला काकडा ऐकवत नव्हता. पहाटे चारला देवळाकडून टाळांचा आवाज आला की मी गोधडी डोक्यावर ओढायचो. वडील मला लहानपणी अर्धवट झोपेत खांद्यावर टाकून न्यायचे, त्यांच्या घोंगडीचा वास आणि टाळांचा आवाज एकच झालेला होता. तिसऱ्या वर्षी मंडळात टाळकरी कमी पडले म्हणून जावं लागलं. रडत रडतच टाळ वाजवले. कुणी काही बोललं नाही, काकड्याला अंधारच असतो. त्या महिन्यात केव्हातरी रडणं थांबलं आणि घोंगडीचा वास उरला. तुम्हीही रडत रडत ओळ उचला. बाबांना तुमच्या डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा मागून न आलेली ओळ जास्त जाणवेल.

आणि रेकॉर्डिंग आजपासून करा. मोबाइल त्यांच्यासमोर धरू नका, बाजेवर बाजूला ठेवून द्या. भांड्यांचा, कोंबड्यांचा, शेजारच्या ट्रॅक्टरचा आवाज येऊ द्या, स्वच्छ आवाजाच्या नादात घर पुसून जातं. सुरुवातीला तुमच्या आवाजात तारीख, गाव, कोण गातंय ते बोला. पद संपल्यावर लगेच बंद करू नका, त्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांत ते काहीतरी बोलतात, बहुतेकदा तेच मोलाचं असतं. पहिल्या ओळी वहीत लिहा आणि रेकॉर्डिंगची एक प्रत भावाकडे ठेवा. माझ्याकडे मायच्या अकरा ओव्या कागदावर आहेत, तिचा आवाज नाही.

आता खंजिरी. तुम्ही लिहिलं की ती माळ्यावर आहे, चामडं फाटलं आहे, म्हणून नवीन प्लॅस्टिकची आणून दिली आणि त्यांनी ती बाजूला सारली. सारणारच. तिचं वजन वेगळं, कडेची जाडी वेगळी, हाताला ती परकी आहे. माळ्यावरची खाली काढा. जुन्या खंजिऱ्यांना घोरपडीचं चामडं असायचं, ते आता कायद्याने बंद आहे आणि बंदच असायला हवं. बकरीचं पातळ चामडं चढवून मिळतं, मोझरीच्या यात्रेत किंवा अमरावतीत वाद्यं दुरुस्त करणाऱ्यांकडे विचारा. पावसाळी हवेत ते ढिलं पडतं, तेव्हा चुलीच्या धगीवर लांबून शेकायचं, जवळ धरलं तर तडकतं. चकत्यांचे खिळे गंजले असतील तर बदला, हाताला लागतात. पण दुकानदार म्हणेल की कडं जुनं झालं, झिजलं, नवीन घालून देतो, तर ऐकू नका. कडं तेच ठेवा. डाव्या हाताचा अंगठा जिथे बसायचा तिथे लाकडात खळगा पडलेला असेल. बाबांच्या हातात देताना तो खळगा त्यांच्या अंगठ्याखाली येईल अशी द्या.